चैत्रातली शिंपल्यांची आरास

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याची गोष्ट कशाला, असे तुम्ही विचाराल. चकल्यांचा डबा अजून तळाला गेलेला नाही, आकाशकंदील दारावर झुलतो आहे, आणि ह्या बाई चैत्र-वैशाखाचे पुराण लावून बसल्या! पण मैत्रिणींनो, ह्या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. जे काम चैत्रात दिसायला हवे त्याला कार्तिकात हात घालावा लागतो, असे माझे मत. आणि आजचा विषय तर दिवाळीच्या सुटीचाच आहे, कारण आपण समुद्रावर जातो ते ह्याच दिवसांत. शाळांना सुटी, पाऊस सरलेला, हवा गोड. गुहागरच्या किनाऱ्यावर उभे राहिले की वाटते, निम्मे नाशिक इथेच आले आहे. शेजारच्या इमारतीतली जी माणसे वर्षभर भेटत नाहीत, ती तिथे ओल्या पायांनी भेळ खाताना भेटतात.

परत येताना प्रत्येक कुटुंबाबरोबर एक पिशवी येते. ओली, जड, वाळूने भरलेली, शिंपल्यांची पिशवी. पुढचे तुम्हांला सांगायला नको. ती चार दिवस बाल्कनीत राहते. वास येऊ लागला की गच्चीवर जाते. पावसाळ्याच्या तोंडी कुणीतरी ती कचऱ्याच्या गाडीत टाकते, आणि पुढच्या दिवाळीत नवी पिशवी येते. गेल्या वर्षी एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले होते, "ह्या शिंपल्यांचे करायचे तरी काय?" तिला मी दोन ओळींचे उत्तर धाडले, पण ते माझे मलाच अपुरे वाटत राहिले. म्हणून आज जरा ऐसपैस लिहिते.

तसे पाहिले तर नाशिकचे आणि समुद्राचे नाते थोडे रुसव्याचेच. आपली गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तर साधारण ८० किलोमीटर. पण ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. गावातले स्थळ नाकारून लांबच्या घरी गेलेली मुलगीच म्हणा ना! त्यामुळे नाशकात समुद्र यायचा तो पिशवीतून, नाहीतर ट्रंकेतून.

आमच्या घरी तो ट्रंकेतून आला. माझ्या सासूबाईंचे माहेर गुहागरचे. लग्न होऊन त्या घाट चढून आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. जुन्या नाशकातला आमचा वाडा म्हणजे दगडी जोते, सागवानी खांब, अंधारे गार माजघर आणि दुपारी तव्यासारखी तापणारी गच्ची. "पहिल्या उन्हाळ्यात मला सगळ्यात परकी वाटली ती हवा," असे त्या सांगत. "तिकडे पदराला घाम पुसता पुसत नाही, आणि इथे घाम येतोय म्हणेपर्यंत वाळतो. ओठ फुटले, टाचा फुटल्या, आणि मी आपली न्हाणीत जाऊन रडत बसले." माहेरी जायचे ते दोन-तीन वर्षांतून एकदा. नाशिक रोडला गाडी धरायची, मुंबईला उतरायचे, आणि तिथून आगबोटीने दाभोळ गाठायचे. पावसाळ्यात बोटी बंद. मग पुढच्या खेपेपर्यंत पुरेल एवढे माहेर त्या बरोबर आणीत. आमसुले, फणसपोळी, आणि एका पितळी डब्यात मूठमूठ शिंपले.

तो डबा वर्षातून एकदाच निघे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली की ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर घरी. त्या महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी किंवा मंगळवारी हळदीकुंकू. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि आरास. आमच्या आळीत आरास म्हणजे चढाओढच होती. कुणी कलिंगडाचे कमळ कापी, कुणी पायऱ्यांवर जरीच्या साड्या अंथरून करंज्या-लाडवांची चळत मांडी. सासूबाईंची आरास मात्र साधी. गौरीच्या पुढ्यात मोठी परात, परातीत गोदेच्या पात्रातली चाळलेली वाळू, मध्ये एक फुटक्या चौकटीचा आरसा, आणि आरशाच्या काठाने शिंपले. येणाऱ्या बायका म्हणत, "अगंबाई, काय गोड तळं केलंय!" सासूबाई अत्तर लावता लावता नुसत्या हसत. माझ्या लग्नाला दहा वर्षे झाल्यावर एकदा आरास मोडताना त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, तळं नव्हे हो ते."

मी तरी कुठे अधिक विचारले? डबा पुसून फडताळात ठेवून दिला.

सांगायचे एवढेच की उन्हाळ्यात शिंपल्यांनी घर सजवणे ही काही परक्या मासिकांतून आलेली टूम नाही. आपल्या घरांत ह्या वस्तू पूर्वापार आहेत. देवघरात शंख आहे, चैत्रांगणाच्या रांगोळीत शंख आणि कासव आहेत. देवीच्या आराध्याच्या गळ्यात कवड्यांची माळ आहे. ह्या कवड्यांचा तर केवढा पसारा! पूर्वी त्या मालदीव बेटांवरून जहाजे भरभरून येत आणि बाजारात नाणे म्हणून चालत. नाणे गेले, पण 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' आणि 'कवडीचुंबक' ही मंडळी भाषेत राहिली. सागरगोट्यांची गंमत वेगळीच. नावात सागर आहे, पण तो दगड नव्हे की शिंपलाही नव्हे. गजग्याच्या काटेरी वेलीचे ते बी. कवच इतके टणक की ते पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागले तरी रुजते. उन्हाळ्याच्या दुपारी माजघरात बसून पाच सागरगोटे उडवणाऱ्या मुली आता दिसत नाहीत. पण दिवाणखान्यात एका लाकडी वाडग्यात नुसते घालून ठेवा. आलेल्या प्रत्येक साठीच्या बाईचा हात तिकडे जातो की नाही पाहा.

आता थोडे कामाचे. शिंपले आणण्यापूर्वी ते रिकामे आहेत ना, हे पाहायला शिका. हे मी शहाणपणाने सांगत नाही, हात पोळल्यावर सांगते. आमचा मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही हर्णैला गेलो होतो. त्याने एक भोवऱ्यासारखा शंख उचलला आणि परतीच्या एसटीत हातातून खाली ठेवला नाही. नाशकात आल्यावर तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेला. रात्री दोनच्या सुमारास खडखड ऐकू येऊ लागली. ह्यांना वाटले उंदीर. दिवा लावून डबा उघडला, तर शंख चालत होता! शंखातून सहा-सात बारीक पाय बाहेर आलेले, आणि तो डब्याच्या भिंतीला धडका देत होता. आत होता एक चिमुकला खेकडा. ह्या जातीच्या खेकड्याची पाठ मऊ असते, त्याला स्वतःचे घर नसते. मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून तो त्यात बिऱ्हाड करतो, आणि वाढला की मोठा शंख पाहून घर बदलतो. आम्ही परातीत पाणी घेऊन मीठ घातले, काय काय केले. स्वयंपाकघरातल्या मिठाचा कुठे समुद्र होतो? तिसऱ्या दिवशी तो गेला. मुलगा रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "आई, तो त्या रात्री कुठे निघाला होता?"

तेव्हापासून आमच्या घरी नेम आहे. शंख उचलला की उलटा करून ओल्या वाळूवर ठेवायचा आणि शंभर आकडे मोजायचे. हलला नाही, आत काही दिसले नाही, तरच पिशवीत. शिंपल्याच्या दोन्ही पाकळ्या घट्ट मिटलेल्या असतील तर आत जीव आहे असे धरावे. आणि शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख असेल तर मुलांना हातच लावू देऊ नये. त्यात जिवंत गोगलगाय असेल तर तिच्याजवळ विषारी काटा असतो; त्याच्या डंखाने माणसे दगावली आहेत.

घरी आणलेले शिंपले गोड्या पाण्यात भिजत घालावेत; दोन-चार दिवस रोज पाणी बदलावे. हे कंटाळवाणे आहे, पण ह्यातच सगळे आहे. मीठ आत राहिले की आपल्याकडच्या पावसाळ्यात शिंपले घामेजतात आणि शोकेसच्या लाकडावर डाग पडतात. मग जुन्या दातघासणीने रिठ्याच्या पाण्यात घासून सावलीत वाळवावेत. वाळल्यावर खोबरेल तेलाचा किंचित हात फिरवला की रंग उघडतो. अनेक जणी लिंबू, व्हिनेगर, नाहीतर फरशी धुण्याचे ॲसिड वापरतात. कृपा करून वापरू नका. शिंपला म्हणजे मूळचा चुनाच. कोकणात पानाला लावायचा चुनासुद्धा शिंपले भाजून करीत. आंबटाशी गाठ पडली की तो फसफसतो, झिजतो, आणि तकाकी जाते ती कायमची.

किती आणावेत? हा प्रश्न पूर्वी मला पडत नसे. समुद्राला काय तोटा, असे वाटे. पण स्पेनच्या किनाऱ्यावर काही संशोधकांनी एकाच पुळणीवरचे शिंपले मोजले आणि तीस वर्षांनी पुन्हा मोजले. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्या काळात पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते, आणि शिंपले साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. पडलेला शिंपला आपल्या लेखी कचरा असतो. पण खेकड्याचे ते घर असते, बारीक शेवाळाला ती धरायला जागा असते, आणि अखेर झिजून त्याचीच वाळू होते. तेव्हा माणशी एक ओंजळ पुरे. लाटांनी घासून गुळगुळीत केलेले बाटल्यांच्या काचांचे हिरवे-निळे तुकडे मात्र हवे तेवढे आणा! ते समुद्राचे नव्हेतच, आपलेच आहेत. परत आणल्याबद्दल तो आपल्याला दुवाच देईल.

आता ओंजळभर शिंपल्यांत घर कसे सजणार, असे म्हणाल. पण उन्हाळ्यात घर भरायचे नसतेच, रिकामे करायचे असते. होळी झाली की मी दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळते, मखमली अभ्रे काढते, भिंतीवरच्या निम्म्या तसबिरी पोटमाळ्यावर जातात. खिडकीला वाळ्याचा पडदा, कोपऱ्यात माठ. मग मधल्या मेजावर सासऱ्यांच्या वेळचे तांब्याचे घंगाळ घासून ठेवते. त्यात चार बोटे पाणी, तळाशी पांढरे शिंपले आणि काचेचे तुकडे, वर संध्याकाळी उमललेला मोगरा. पाण्याखाली शिंपल्याला जो रंग येतो तो कोरड्यावर कधी येत नाही. बाहेरून उन्हातून आलेला माणूस खुर्चीत बसण्याआधी त्या पाण्याकडे पाहतो. पाणी मात्र रोज बदलायचे हं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि सजावटीपायी दवाखाना गाठायची वेळ यायची.

मुलांना गुंतवायचे असेल तर भोक पडलेले शिंपले वेगळे काढायला सांगा. पुष्कळ शिंपल्यांना वरच्या टोकापाशी अगदी गोल, जणू गिरमिटाने पाडलेले भोक असते. ते एका शिकारी गोगलगायीचे काम. ती वाळूत दडून शिंपल्याला विळखा घालते, कानशीसारख्या जिभेने आणि आम्लाने कवच पोखरते आणि आतला जीव खाऊन टाकते. गोष्ट ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात, आणि आपल्याला आयती ओवायची सोय होते. जाड सुती दोऱ्यात, प्रत्येकी गाठ मारून, लांब-आखूड सर करावेत आणि खिडकीच्या आडव्या गजाला टांगावेत. संध्याकाळी वारे सुटले की त्यांचा जो किणकिणाट होतो त्यापुढे बाजारातल्या पत्र्याच्या घंटा कर्कश वाटतात. ज्यांना भोक नाही त्यांना पाडायच्या भानगडीत पडू नये. शिंपले फुटतात, आणि ती बारीक भुकटी नाकातोंडात जाणे वाईट.

गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या, दुधी शिंपल्यांचे चौकोन बसवलेले असतात. पणजीला एका घरात मी ते भर दुपारी पाहिले. बाहेर डोळे दिपवणारे ऊन, आणि आत सायीसारखा उजेड. असली एक खिडकी आपल्याकडे हवीच, असा हट्ट मी घरी येऊन धरला होता. पुढे कळले की तो शिंपलाही आता संरक्षित आहे. मग पांढऱ्या मलमलीच्या जुन्या साडीचा दुहेरी पडदा शिवला. तितका नाही, पण त्याच्या जवळपासचा उजेड येतो.

'संरक्षित' हा शब्द आलाच आहे, तर ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. सांगावी की नाही असे बरेच दिवस मनात चालले होते, कारण ती घरातली आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नणंदबाई दक्षिणेची यात्रा करून आल्या. येताना त्यांनी माझ्यासाठी एक मोठी तसबीर आणली. काचेमागे लाल मखमल, आणि तिच्यावर काळ्याभोर, जाळीदार फांद्यांचे, हाताच्या पंजासारखे पसरलेले एक झाड. "वहिनी, हे इंद्रजाल. समुद्राच्या तळाशी उगवतं. दारासमोर लावलं की घराला दृष्ट लागत नाही, असं दुकानदार म्हणाला," त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "खरं सांगू? दृष्टीचं राहू दे. आईला समुद्राचं किती वेड होतं! हे पाहिलं आणि तिचीच आठवण झाली."

अशी भेट कोण नाकारील? आम्ही ती दिवाणखान्यात, सासूबाईंच्या फोटोशेजारी लावली. उन्हाळ्याच्या पांढऱ्या भिंतीवर दिसायचीही फार सुरेख. येणारे-जाणारे विचारीत, कुठे मिळाली म्हणून. दोघी-तिघींनी तर पत्ता लिहून नेला.

पुढच्या सुटीत वन्संची नात आमच्याकडे राहायला आली. पोर प्राणिशास्त्र शिकते. भिंतीपुढे ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, हे झाड नाहीये. हा प्राणी आहे." मी हसले. तिने मला शेजारी बसवून नीट सांगितले. इंद्रजाल म्हणून जे विकतात ते काळे प्रवाळ किंवा समुद्रपंखा. एकेका फांदीवर हजारो सूक्ष्म जीव एकमेकांना चिकटून राहतात, पाण्यातून वाहत आलेले कण टिपून खातात, आणि त्यांचा हा सांगाडा फार सावकाश वाढतो. हवाई बेटांजवळच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या प्रवाळाचे वय शास्त्रज्ञांनी काढले, ते चार हजार वर्षांच्या वर भरले. माझ्या भिंतीवरचे ते किती जुने होते कोण जाणे; पण ते कुणीतरी तळापासून उपटले असणार.

"आणि आजी, हे घरात ठेवणं गुन्हा आहे," ती म्हणाली. २००१ साली प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि काही शंख-शिंपले आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घातले गेले. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखा तर पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. शिक्षा किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात. (मंगळसूत्रातल्या पोवळ्याची धास्ती घेऊ नका. ते लाल पोवळे निराळे. ते पूर्वापार भूमध्य समुद्रातून येत आले आहे.) मला घाम फुटला, आणि तो नाशकातला होता तरी वाळेना.

कायद्यापेक्षाही वन्संना काय सांगायचे, ही काळजी मोठी होती. ह्यांचे म्हणणे, गुपचूप पोटमाळ्यावर टाकू. पण मला त्या डब्यातल्या खेकड्याची आठवण झाली. मी वन्संना फोन केला आणि जसे होते तसे सांगितले. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "आईच्या आठवणीनं दिलेली वस्तू तुम्ही सरकारात जमा करणार? नको असेल तर मला परत द्या." परत देणे म्हणजे गुन्हा त्यांच्या घरी पोहोचवणे. दोन दिवसांनी आम्ही दोघे ती तसबीर चादरीत गुंडाळून वनखात्याच्या कार्यालयात घेऊन गेलो आणि देऊन आलो. वन्संचे बोलणे बंद झाले. गणपती गेले, दसरा गेला, भाऊबीजेला त्यांनी पोस्टाने ओवाळणीच्या अक्षता पाठवल्या, आणि ह्यांनी त्या पाकिटाकडे पाहत जेवण केले.

म्हणून कळकळीने सांगते, यात्रेच्या गावी, समुद्रकाठच्या दुकानांत जे मांडलेले असते ते सगळे घेण्याजोगे आहे असे समजू नका. प्रवाळाची पांढरी फांदी, वाळवलेला समुद्रघोडा, इंद्रजाल ह्यांना हात लावू नका. दुकानदार बिल देईल, वास्तुशास्त्र सांगेल, शेजारणीचा दाखला देईल. दक्षिणावर्ती म्हणून हजारोंना विकले जाणारे शंखही जपून घ्या. आपला पूजेचा शंख उलट्या वळणाचा क्वचितच सापडतो. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर एका निराळ्या जातीच्या गोगलगायीचे शंख मुळातच उलट्या वळणाचे असतात, आणि ते इकडे आणून भाविकांच्या गळ्यात मारतात. आणि असली वस्तू आधीच घरात असेल तर लपवू नका, विकू नका, कुणाला भेट तर मुळीच देऊ नका. वनखात्याला कळवा. आमच्यासारखा नातलगांचा रोष येईल, तो सोसावा लागेल.

त्या वर्षी चैत्रात हळदीकुंकू करावे की नाही, असे झाले होते. भिंतीवर तसबिरीच्या जागी एक फिकट चौकोन राहिला होता, तो नेमका गौरीच्या मागे येई. शेवटी पितळी डबा काढला. परातीत वाळू घातली, मध्ये तोच आरसा, काठाने सासूबाईंचे शिंपले, आणि आमच्या ओंजळीतले चार नवे. वन्संना निरोप धाडला होता; त्या येतील अशी आशा नव्हती.

त्या आल्या. सगळ्या बायका गेल्यावर, दिवेलागणीला. मी हळदकुंकू लावले, ओटी भरली. भिंतीवरच्या चौकोनाकडे त्यांनी पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. मग गौरीपुढे वाकल्या, त्या वाकलेल्याच राहिल्या.

"वहिनी, हा उंच शंख तुम्ही इकडे का ठेवलात?"

"का हो? काय झालं?"

"आई हा उजवीकडे ठेवायची. समुद्राकडे तोंड करून बसलं की अंजनवेलचं दीपगृह उजव्या हाताला येतं ना." त्यांनी शंख उचलून आरशाच्या उजव्या टोकाला रोवला. मग खाली बसल्याच. एकेक शिंपला उचलून पाहत, इकडचा तिकडे करत राहिल्या. हा अलीकडचा कळस व्याडेश्वराचा. ही कवड्यांची ओळ म्हणजे सुरूची झाडे. हा फुटका शिंपला कुणाच्या तरी पडवीचा. नाव त्यांना आठवेना.

तीस वर्षे मी ती आरास मांडत होते, आणि दीपगृह डाव्या हाताला ठेवत होते.

मी पन्हे आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी अख्खी परात फिरवून आरशाची बाजू पश्चिमेला केली होती, आणि सांडलेली वाळू पदराने टिपून परत आत घालत होत्या.